भरावात आलेली देवी

१२ मे १९८३, गुरुवार

आज आले :
भरावाची माती, ट्रक एक. सोसायटीने मागवली. आमच्या वाट्याचे अकरा रुपये.
पाट्याला टाकी लावून घेतली. दोन रुपये. (तीन मागत होता.)
समईच्या वाती, पाकीट एक. साठ पैसे. पुढच्या वेळी घरीच वळाव्यात.
कोरीव दगड, नग एक. मातीच्या ट्रकमधून निघाला. किंमत काही नाही.

शेवटची ओळ लिहून पुन्हा वाचली. लग्नाला सव्वीस वर्षे झाली, रोजचा हिशेब ठेवते, पण 'किंमत काही नाही' असे लिहायची वेळ आजवर आली नव्हती. आजपासून हिशेबाखाली चार ओळी स्वतःच्याही लिहायच्या. कोणी वाचणार नाही. हे तर दुधाचे बिलही वाचत नाहीत.

दगड माझ्या कमरेइतका उंच. वरती चंद्र-सूर्य कोरलेले. मधे झिजलेली अक्षरे. खालचा भाग मातीने लिंपलेला. आमच्या खाडीदर्शन सोसायटीचे सेक्रेटरी पंढरीनाथ म्हणाले, फोडून खड्ड्यात टाका, स्कूटर लावायला सपाट जागा पाहिजे. मी दगडापुढे उभी राहिले. म्हटले, आधी माझ्या अंगावरून स्कूटर न्या. पंढरीनाथांकडे स्कूटर नाही. नंबर लावलेला आहे, सहा वर्षे झाली.

१३ मे, शुक्रवार

दगड चिंच लावून काथ्याने घासला. अडीच तास. बायका खिडक्यांतून बघत होत्या, मदतीला एकही उतरली नाही. चालायचेच. मोठ्या कामात माणूस एकटाच असतो.

खाली दोन आकृती निघाल्या. एक बाई. एक जनावर. जनावराचे कान लांब. म्हणजे गाढव.

एकदम अंगावर काटा आला. गाढव हे कोणाचे वाहन? शीतलादेवीचे! मॅट्रिकला इतिहासात बासष्ट मार्क होते ते उगाच नाही.

एकच शंका. देवी वाहनावर बसलेली असते. इथे देवी गाढवाच्या खाली आहे. कारागिराला वर जागा उरली नसावी. चंद्र-सूर्य आधीच मोठे काढून बसला आणि मग पंचाईत झाली. आमच्या दारावर 'पडवळ' रंगवणाऱ्यानेही 'पडव' एवढे मोठे काढले की 'ळ' बेलच्या बटणावर गेला.

हे संध्याकाळी कंपनीतून आले. दगड बघितला. वाकून बघितला. मग म्हणाले, याला गोणपाट गुंडाळ. देवीला ऊन लागू नये म्हणून! ह्यांच्यात इतका भाव असेल असे वाटले नव्हते.

१४ मे, शनिवार

शेंदराचे पहिले पूट दिले. अक्षरांच्या खाचांत शेंदूर छान बसतो.

गोजरा दोन दिवसांच्या खाड्यानंतर भांडी घासायला आली ती दगडापाशीच थबकली. ती बोनकोड्याची. रोज तिथून चालत येते. म्हणाली, बाय, ह्यो आमचे बांधावरचा दगर हाय. हितं कोनी आनला? मी म्हटले, अगं, ही साक्षात शीतलादेवी. त्यावर तिने तोंडाला पदर लावला. म्हणे, देव न्हाय बाय तो. शिवी हाय.

शिवी कशी ते सांग म्हटले तर पदर तोंडात कोंबून मोरीत पळाली. भांड्यांच्या आवाजातूनही हसू ऐकू येत होते. खेड्यातल्या लोकांना आपल्याच दारात काय पडले आहे ते कळत नाही. शिकलेल्या माणसाने हे समजून घेतले पाहिजे, चिडू नये.

कढईला खरकटे तसेच राहिले होते. चिडले.

२ जून, गुरुवार

पेपरात निवेदन. ठाण्याला नवे प्रादेशिक म्युझियम निघते आहे. आपल्या भागाचा निसर्ग आणि वारसा. जनतेने शंख-शिंपले, घरटी, जुनी शिल्पे, हत्यारे वगैरे द्यावीत. शेवटची ओळ मी तीनदा वाचली : देणगीदाराचे नाव वस्तूखाली लावण्यात येईल.

मला नावाची हौस नाही. देव साक्ष आहे.

पण दादरच्या आमच्या मोठ्या जाऊबाईंनी विठ्ठलाच्या देवळात पंखा दिला, त्याला नऊ वर्षे झाली. तीनही पात्यांवर त्यांचे नाव. कार्तिकीला मुद्दाम सगळ्यांना पंख्याखाली बसवतात. पंखा चालू असला की नाव वाचता येत नाही म्हणून मधेच बंद करायला लावतात आणि माणसे घामाने भिजतात. दगड फिरत नाही. दगडाखालचे नाव बारा महिने वाचता येते.

ठरवले : देवी म्युझियमला द्यायची. निव्वळ संस्कृतीसाठी.

७ जून, मंगळवार

नुसत्या दगडाचे पत्र जायला नको, आपल्याला विषयाची एकंदर गोडी आहे हे दिसावे, म्हणून पार्सलही केले. खाडीकाठचे शिंपले दीड किलो. एका खेकड्याचे अखंड कवच. बाभळीवरून पडलेले सुगरणीचे घरटे, एक. आत कोणी नाही याची खात्री केली. खेकड्याची केली नाही.

२४ जून, शुक्रवार

म्युझियमचे उत्तर आले! टाइप केलेले. सही : हारुन मुकादम, सहायक अभिरक्षक.

घरटे ठेवून घेतले आहे. शिंपल्यांबद्दल आभार, परंतु चार पोती आधीच जमा आहेत. खेकड्याचे कवच पूर्णपणे रिकामे नव्हते असे नम्रपणे कळवतात. दगडाच्या वर्णनावरून उत्सुकता वाटते, सवडीने बघायला येतील, तोवर दगड घासू नये, काही लावू नये, सोबतचा फॉर्म भरून पाठवावा.

घासणे थांबवले. शेंदराचे मात्र तिसरे पूट झाले आहे. तीन आकडा बरा नाही म्हणून चौथे दिले.

२६ जून, रविवार

फॉर्म भरला. शाईच्या पेनाने.

रकाना एक, देणगीदाराचे नाव : सौ. चारुलता सिताराम पडवळ. ह्यांचे नाव उच्चारत नाही, पण सरकारी कागदावर चालते.
रकाना दोन, वस्तू : श्रीशीतलादेवी, सवाहन.
रकाना तीन, कोणाच्या ताब्यात : वरीलप्रमाणे.
रकाना चार, वस्तूचे मूळ ठिकाण व मूळ मालक.

इथे पेन थांबले. मोरीतून भांड्यांचा आवाज येत होता. गोजरा तिथून म्हणाली, बाय, सासरा रोज इचारतो, आमचा दगर ऊनपावसात तर न्हाय ना.

आता न्यायाने पाहू. बोनकोड्याची जमीन नवे शहर वसवायला सरकारने घेतली. माती कंत्राटदाराने उचलली. ट्रक सोसायटीने मागवला. दगड माझ्या डोळ्यांसमोर उतरला. यात गोजरा कुठे येते? आणि मालकाच्या जागी तिचे नाव गेले तर खाली लेबलावर कोणाचे लागेल? एका वस्तूला दोन नावे बरी दिसत नाहीत. लोकांचा गोंधळ होतो.

लिहिले : अज्ञात.

अक्षर छान आले. टिपकागद लावला.

४ जुलै, सोमवार

गोजराने आज हात धुऊन, पदर खोचून, समोर उभे राहून विचारले. सासऱ्याचा, मारोतीचा, निरोप होता. जमीन गेली ती गेली, दगर तरी परत द्या. दारात उभा करतो. म्हातारा आता उठत नाही, पडल्या पडल्या बघील.

मी शांतपणे समजावले. दारात देवी उघड्यावर राहील, कोंबड्या बसतील. म्युझियममध्ये डोक्यावर छप्पर, वॉचमन, लेबल. ती म्हणाली, लेबलवर कोनाचं नाव? मी म्हटले, ते सरकार ठरवते.

मन मोठे करून तिला स्टीलचा पाच किलोचा डबा काढून दिला. फक्त झाकण नाही. तिने डब्यात वाकून बघितले आणि म्हणाली, बाय, झाकन तुमच्याकडंच ठेवा. दगरावर घालायला होईल.

डबा ओट्यावर ठेवून गेली. उद्यापासून येणार नाही म्हणे.

येऊ नको! माझे हात काय मोडले आहेत? भांडी घासणे हा उत्तम व्यायाम आहे. पाठ सरळ राहते.

२० जुलै, बुधवार

पाठ वाकत नाही. वाकली तर उठत नाही. हे म्हणाले, गोजराला दगड देऊन टाक आणि पाठ परत मिळव.  मौन धरले आहे. मौनात भांडी जास्त आपटतात, त्याला इलाज नाही.

भजनी मंडळासाठी देवीची आरती रचली. सात कडवी. 'शांत करी माते, शीतळ करी माते, खाडीदर्शनवरती छाया धरी माते.' मंडळाला फार आवडली. चौथ्या कडव्यात गाढवाचाही मानाने उल्लेख आहे.

१५ ऑगस्ट, सोमवार

शीतला सप्तमी. यंदा आपल्या दारी प्रत्यक्ष देवी, तेव्हा व्रत कडक. चूल पेटवायची नाही. कालचा भात, कालची आमटी, कालच्या पोळ्या. सकाळचा चहाही थंड. ह्यांनी एक घोट घेतला आणि बराच वेळ कपाकडे बघत बसले. मग म्हणाले, आज देश स्वतंत्र झाला ना? आणि खाली उतरून चहा पिऊन आले. गरम. तोंडावरून कळते.

रॉकेल वाचले. संकल्प : दर महिन्याच्या सप्तमीला हेच.

१७ ऑगस्ट, बुधवार

दोघांचेही पोट बिघडले आहे. आमटी दोन दिवसांची होती हे मला माहीत होते, पण व्रताच्या आमटीने असे करायला नको होते. संकल्प वर्षातून एकदाच ठेवावा असे ठरले.

२३ ऑगस्ट, मंगळवार

मुकादमसाहेब येऊन गेले! पस्तिशीचे, सडपातळ, उरणकडचे. बोलणे मऊ. देवीजवळ जाण्याआधी चपला काढून ठेवल्या. परधर्माचा माणूस, पण भाव बघा. (चिखल होता, पण तरी.)

दगडापुढे उकिडवे बसले. शेंदराला बोट लावले. अक्षरांवरून बोट फिरवले. विचारले, हे घासले कोणी? मी अभिमानाने सांगितले, मी स्वतः, चिंच आणि काथ्या, अडीच तास. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मग खिशातून रुमाल काढून बराच वेळ तोंड पुसत होते. अशी माणसे आहेत म्हणून संस्कृती टिकून आहे.

मी खालच्या चित्राचा अर्थ सांगू लागले. देवी, वाहन, कारागिराची चूक. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, मिस्टर घरी आहेत का?

हे घरीच होते, पोटामुळे. दोघे गॅलरीत गेले. दार लोटून घेतले. मी चहा आणि करंज्या दिल्या. फटीतून एवढेच दिसले की मुकादम खालच्या आवाजात काही सांगत आहेत आणि ह्यांच्या नाकातून चहा येतो आहे. मग ह्यांना जो खोकला लागला तो थांबेना. मी पाठ चोळायला गेले तर मला बघून जास्तच वाढला.

मागून विचारले, काय म्हणाले? हे म्हणाले, आठशे-हजार वर्षांचा आहे. आणि? आणि काही नाही, तू आत जा.

समजायचे ते समजले. किंमत इतकी आहे की बायकांसमोर आकडा काढत नाहीत.

जाताना मुकादम मला म्हणाले, बाई, हा दगड देवीचा म्हणून नाही, जमिनीच्या दानाचा आहे. मी म्हटले, अगदी बरोबर, देवीला जमीन दान दिली असणार! त्यांनी दुसरी करंजी घेतली. म्हणाले, लेबलात सगळे सविस्तर लिहीन, वाचालच.

मग रकाना चारवर बोट ठेवून विचारले, माती कुठल्या गावची ते खरेच माहीत नाही? दगड जिथे उभा होता ती जागा कळली तर फार बरे होईल.

मी मोरीकडे बघितले. मोरीत कोणी नव्हते, भांडी होती. म्हटले, नाही हो. ट्रक कुठून कुठून येतात.

ते म्हणाले, आठवले तर एक पोस्टकार्ड टाका.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

देवी गेली. म्युझियमची चारचाकी आली, सहा माणसे लागली. मी ओटी भरली, मंडळाने आरती म्हटली. मुकादम आरती संपेपर्यंत जमिनीकडे बघत उभे होते. चौथ्या कडव्याला तर डोळेच मिटले.

पंढरीनाथांनी अर्ध्या तासात तिथे पांढऱ्या पट्ट्या मारून घेतल्या. स्कूटर अजून आलेली नाही.

गेटबाहेर गोजरा उभी होती. आत आली नाही. गाडी वळली तशी तीही वळली.

खाली सोसायटीच्या अंगणात त्याच भरावाच्या मातीत तुळस लावली होती, ती तरारली आहे.

५ डिसेंबर, सोमवार

निमंत्रण! छापील. १५ जानेवारी, रविवार, उद्घाटन, सकाळी साडेदहा. देणगीदारांनी सहकुटुंब यावे.

निश्चय : शांतपणे जाऊन यायचे, गाजावाजा करायचा नाही.

जाऊबाईंना पत्र टाकले. भजनी मंडळाला सांगितले. सोसायटीच्या फळ्यावर लिहिले. स्टेशनरीवाल्यालाही सांगितले, कारण त्याने विचारले की पोस्टकार्डे इतकी का.

१४ जानेवारी १९८४, शनिवार

संक्रांत. हळदीकुंकवाला सगळ्यांचा एकच विषय. उद्या मंडळाच्या तेरा जणी, मी चौदावी, जाऊबाई दादरहून परस्पर. खण-नारळाच्या ओट्या बांधल्या. देवी आता काचेपलीकडे असेल का, ओटी भरू देतील का, अशा शंका. मी म्हटले, देणगीदार मी आहे, बघते कोण अडवतो.

हे येत नाहीत. तीनदा म्हणाले, तूही नको जाऊस. पाठीचे, पोटाचे, शेवटी गुडघ्यांचे कारण काढले. मग म्हणाले, चारू, निदान वहिनींना नको नेऊस. किती हा संकोच! आयुष्यभर थोरल्या भावाच्या सावलीत राहिले की असे होते.

१५ जानेवारी, रविवार

जेवले नाही.

जे झाले ते क्रमाने लिहून ठेवते. वहीशी खोटे बोलायचे नाही असा नियम आहे. (रकाना चार वहीत नव्हता, फॉर्मात होता.)

पहिल्या दालनात पक्षी, साप, देवमाशाची बरगडी. एका काचेत सुगरणीचे घरटे. खाली लिहिलेले, 'सुगरण पक्ष्याचे घरटे. वाशी खाडी.' नाव नाही. म्हटले, असू दे, खरे नाव पुढे आहे.

दुसऱ्या दालनात शिल्पे. आपली देवी दारापाशी असेल असे धरून चालले होते. कोपऱ्यात होती. फायर बादलीच्या शेजारी. शेंदूर खरवडून काढलेला, तरी खाचांत लाल राहिलेला. आम्ही चौदा जणी आणि जाऊबाई अर्धवर्तुळ करून उभ्या राहिलो. मंडळाने ओट्या काढल्या. माझा चष्मा पिशवीत होता. जाऊबाईंना चष्मा लागत नाही आणि त्यांचा आवाज देवळात माइकशिवाय पोचतो. म्हणाल्या, थांब, मी वाचते.

वाचले :

गधेगाळ. मध्ययुगीन. दान दिलेली ही जमीन जो बळकावील वा हा दगड जागचा हलवील, त्याच्या आईला गाढव लागो, अशी शिवी या दगडावर कोरलेली आहे. खालील दृश्यात तेच दाखवले आहे. चंद्र-सूर्य असेतोवर ही शिवी लागू आहे. शेंदूर अलीकडचा. मूळ ठिकाण व मालक : अज्ञात. सौ. चारुलता सिताराम पडवळ, खाडीदर्शन सोसायटी, वाशी, यांच्या सौजन्याने.

'सौजन्याने' हा शब्द दालनात बराच वेळ राहिला.

 मग मंडळातल्या सर्वांत वयस्क बाई म्हणाल्या, आपण हिची आरती म्हटली गं. चौथे कडवेसुद्धा. एकीला हसू फुटले. ते एकीचे दुसरीला लागले. ओट्या परत पिशव्यांत गेल्या. मला कोणाच्या तोंडाकडे बघवेना म्हणून दगडाकडे बघितले, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा जे होते ते दिसले. कारागिराची काहीही चूक झालेली नव्हती.

जाऊबाई माझ्याबरोबर चालत आल्या. दारापर्यंत. दारात म्हणाल्या, चारू, निदान पंखा वारा तरी देतो.

बाहेर पडताना मुकादम पाहुण्यांना सांगत होते ते कानांवर पडले. अशा दगडाचा अर्धा अर्थ तो उभा कुठे होता, कोणाच्या जमिनीवर होता, यात असतो. ते कळले असते तर हा दगड आम्ही दर्शनी दारात उभा केला असता. अज्ञात म्हटल्यावर कोपऱ्यात.

माझ्याकडे बघून त्यांनी मान लववून नमस्कार केला. रागावले असते तर बरे झाले असते.

१६ जानेवारी, सोमवार

लेबल चुकीचे असू शकते. सरकारी माणसे चुकतात. दगडावर दुसरी बाजू असेल, तिथे देवी असेल. मी का खाली बघू? मी शोधला, मी वाचवला, नाहीतर आज त्याच्यावर पंढरीनाथांची स्कूटर असती. आली की.

हे म्हणाले, तुला सांगायचे होते गं. कसे सांगणार होतो? मी म्हटले, गोजराने सांगितले होते. पहिल्याच दिवशी. दोन शब्दांत.

१८ जानेवारी, बुधवार

बोनकोड्याला गेले. फिरायला. डबा बरोबर होता, झाकणासकट. झाकण माळ्यावर होते, पहिल्यापासूनच.

गोजराच्या दारात उभी राहिले. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, या बाय. देवीनं भांडी घासली का?

मी म्हटले, नाही. मीच घासली.

त्यावर तिने सूप बाजूला ठेवले आणि पाणी आणले.

मारोती आत बाजेवर. डोळ्यांना फारसे दिसत नाही. दगडाची बाई आली म्हटल्यावर उठून बसला. पहिला प्रश्न, थितं छप्पर हाय का? म्हटले, हाय. आहे. म्हणाला, आमचा आजा सांगायचा, ह्यो दगर उभा हाय तवर कोन जमिनीला हात लावनार न्हाय. मग हसला. म्हणाला, सरकारचा कागद आला तवा दगर उभाच होता, बाय. पन त्या लोकांना वाचताच येत नवतं.

मी विचारले, परत हवा का? आणून द्यायला मी भांडेन. खरेच भांडले असते.

तो म्हणाला, आता हितं कुठं लावू? बांधच न्हाय. थितं बरा हाय. पन कोनाचा ते लिवा. अज्ञात म्हनजी काय, गोजरा सांगत व्हती. आमी काय मेलो?

मी भांड्यातले उरलेले पाणी प्यायले. मग त्यानेच विचारले, तुमचे अंगनात आमची माती पडली ना? काय लावलं? म्हटले, तुळस. म्हणाला, लागली? म्हटले, कमरेइतकी झाली. म्हणाला, व्हनारच. भाताची माती हाय ती.

गोजराने डबा ठेवून घेतला. झाकण लावून बघितले आधी. भांड्यांना परत येशील का असे मी विचारले नाही. ती म्हणाली, इचारलं असतं तर नाय म्हनाले असते.

म्हणजे न विचारल्यास येईल. असा मी अर्थ लावते. अर्थ लावण्यात माझी चूक होऊ शकते, हे अलीकडे दिसले आहे.

१९ जानेवारी, गुरुवार

पत्र टाकले. नक्कल ठेवते.

रा. रा. हारुन मुकादम, सहायक अभिरक्षक, यांस सौ. चारुलता सिताराम पडवळ हिचा नमस्कार वि. वि.

१. मी भरलेल्या फॉर्मात रकाना चारमध्ये 'अज्ञात' असे आहे. ते चुकीचे आहे. विसरून नव्हे, माहीत असून लिहिले. कृपया खोडून असे लिहावे : बोनकोडे गाव. मारोती व त्यांची सून गोजरा यांच्या भाताच्या शेताचा बांध. जागा मारोती सांगतील. ते बाजेवर असतात, पण सगळे आठवते. लवकर जावे.

२. आता ठिकाण कळले आहे, तेव्हा आपल्याच बोलण्याप्रमाणे दगड कोपऱ्यातून काढून दर्शनी दारात ठेवावा. मी येऊन बघणार आहे. फायर बादली शेजारी नको.

३. लेबलावरून माझे नाव काढावे. मला नावाची हौस कधीच नव्हती. सुगरणीच्या घरट्याखाली जागा रिकामी दिसली. तिथे चालेल. अक्षर बारीक असले तरी हरकत नाही. फार बारीक नको.

४. शेंदूर अलीकडचा हे खरे आहे. चार पुटे. त्याबद्दल आणि चिंचेबद्दल मी दिलगीर आहे. आरतीबद्दल नाही. आरती चांगली होती.

५. शेवटचे, आणि हे खाजगी समजावे. जमीन बळकावील त्याला शिवी लागू, असे आपण लिहिले आहे. आम्हाला घर लॉटरीत लागले. हप्ते वेळेवर भरतो, सर्व पावत्या क्रमाने लावून ठेवल्या आहेत, हव्या तर नकला पाठवते. माती मात्र आमच्या अंगणात आहे आणि दगड मीच हलवला आहे. माझी आई कोल्हापूरला असते, वय अठ्ठ्याहत्तर, तिला यातले काहीही माहीत नाही. तरी सदर शिवी आम्हाला लागू आहे किंवा कसे, आणि असल्यास ती कोणत्या तारखेपासून, हे कृपया उलट टपाली कळवावे. सोबत पत्ता लिहिलेले कार्ड जोडले आहे.